आधी खराटा, मग कीर्तन

अंगावर चिंध्यांचे वस्त्र, एका कानात कवडी तर दुसऱ्या कानात फुटक्या बांगडीची काच, डोक्यावर मातीच्या गाडग्याचे खापर आणि हातात खराटा, असा एक माणूस गावात येई व कोणाशी न बोलता रस्ते झाडू लागे. त्याला वेडा समजून पोरे मागे लागत. रात्री तोच माणूस कीर्तनाला उभा राहिला की मंडळी चकित होत. तेच श्रीसंत गाडगेबाबा.

२३ फेब्रुवारी १८७६ रोजी अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे, परिटाच्या घरी, डेबूजी झिंगराजी जाणोरकर यांचा जन्म झाला. व्यसनापायी वडील अकाली गेले आणि आई सखूबाई लेकराला घेऊन माहेरी दापुऱ्यास आली. निरक्षर कष्टकऱ्याला सावकार कसा नाडतो, हे डेबूजींनी मामाच्या घरीच पाहिले. १९०५ साली त्यांनी घर सोडले.

बाबा शाळा शिकले नव्हते, तरी लोकांना शिकवण्याची हातोटी त्यांच्यापाशी होती. ऋण काढून सण करणारा शेतकरी, नवसाला बकरे कापणारा भक्त, दारूत संसार बुडवणारा बाप, अशी रोजच्या पाहण्यातली माणसे त्यांच्या गोष्टीत येत. वऱ्हाडी बोलीत गोष्ट रंगवता रंगवता ते मधेच थांबत आणि श्रोत्यांना प्रश्न विचारीत. उत्तर श्रोत्यांच्याच तोंडून निघे. आपली चूक आपणच कबूल केल्यावर रागावणार कोणावर? स्वच्छतेबद्दल तर त्यांना फारसे सांगावेच लागत नसे. ज्याने दिवसभर आपली घाण उचलली, त्याच्यासमोर बसताना गाव आपोआप शरमे.

लोकांनी दिलेल्या पैशातून पूर्णाकाठी ऋणमोचनला घाट झाला. पंढरपूर, नाशिक, आळंदी येथे धर्मशाळा उभ्या राहिल्या. स्वतःच्या कुटुंबाला मात्र त्यांनी त्यातले काही घेऊ दिले नाही. पत्नी कुंताबाईंनी झोपडीत दिवस काढले. एकुलत्या मुलाच्या निधनाची वार्ता आली तेव्हा बाबांचे कीर्तन चालू होते, आणि ते त्यांनी पुरे केले. बाबांचे गुण गाताना या माउलीचा त्याग आपण भगिनींनी तरी विसरू नये.

२० डिसेंबर १९५६ रोजी अमरावतीकडे जाताना, वलगावजवळ पेढी नदीच्या पुलापाशी मोटारीतच बाबांनी देह ठेवला. पुढे २००० साली राज्य शासनाने ग्रामस्वच्छता अभियानास त्यांचे नाव दिले.

आपल्या मंडळातही स्वच्छतेवर भाषणे होतात. टाळ्या पडतात, आणि दुसऱ्या दिवशी गल्लीच्या तोंडाशी कचरा तसाच असतो. येत्या पुण्यतिथीला तसबिरीस हार घालण्याआधी, सकाळी तासभर आपण सर्वजणी खराटे घेऊन तेथे जमू या. भाषण संध्याकाळी, आणि तेही थोडकेच.