डार्विनची गांडुळं आणि विणायची सुई

चार्ल्स डार्विन म्हटलं की आपल्याला आठवतो तो लांब पांढऱ्या दाढीचा म्हातारा, माकडं आणि दूरच्या बेटांवरचे पक्षी. बी.ए. करून संसाराला लागलेल्या माझ्यासारखीला तरी याहून जास्त ठाऊक नव्हतं. पुढे बचत गटातल्या बायकांबरोबर गांडूळखताचं काम करताना वाचनात आलं, की या माणसाने चाळीसहून जास्त वर्षं गांडुळांचा नाद सोडला नव्हता. त्याचं शेवटचं पुस्तकही गांडुळांवरच आहे. आणि मैत्रिणींनो, हे काम कुठल्या मोठ्या प्रयोगशाळेत झालं नाही. ते झालं कुरणात, अंगणात आणि घरातल्या पियानोवर!

डार्विनचा जन्म १२ फेब्रुवारी १८०९ चा, इंग्लंडमधल्या श्रूजबरीचा. वडील डॉक्टर. आई गेली तेव्हा तो आठ वर्षांचा होता, मग थोरल्या बहिणींनीच त्याच्याकडे पाहिलं. त्यातली एक कॅरोलाइन. हिचं नाव लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. डॉक्टरकी अर्धवट सोडून तो १८३१ मध्ये बीगल जहाजावरून जगप्रवासाला निघाला आणि पाच वर्षांनी परतला. हा प्रवास सर्वांना माहीत आहे, म्हणून त्यात शिरत नाही.

१८३७ मध्ये तब्येत बिघडली म्हणून तो मामाकडे, जोसाया वेजवुडकडे राहायला गेला. मामाने त्याला आपलं कुरण दाखवलं. काही वर्षांपूर्वी तिथे चुना आणि कोळशाची राख पसरली होती. आता वर हिरवं गवत, आणि खणलं की काही इंच खाली चुन्याचा नि राखेचा थर! हे गांडुळांचं काम असावं असा मामाचा अंदाज. गांडूळ माती गिळतं, पोटातून काढून वर आणून टाकतं, आणि वर पडलेली वस्तू हळूहळू खाली जाते. त्याच वर्षी डार्विनने लंडनच्या भूशास्त्रज्ञांच्या सभेत यावर निबंध वाचला.

१८३९ मध्ये त्याचं लग्न झालं ते याच मामाच्या मुलीशी, एमाशी. कॅरोलाइनचं लग्न आधीच एमाच्या भावाशी झालं होतं. आपल्याकडे याला साटंलोटं म्हणतात! १८४२ मध्ये डार्विन कुटुंब केंट परगण्यातल्या डाऊन गावी राहायला गेलं. दहा मुलं झाली, त्यातली तीन लहानपणीच गेली. दहा वर्षांची अ‍ॅनी १८५१ मध्ये गेली, त्या दुःखातून आईबाप कधी पुरते सावरले नाहीत. त्यातून डार्विनचं कायमचं दुखणं. उलट्या, थकवा, दिवसच्या दिवस अंथरूण. त्याचं पथ्यपाणी, पत्रं, पाहुणे, मुलं, सगळं एमाकडे. पुस्तकांवर नाव एकट्याचं असलं, तरी ते घर तिने धरून ठेवलं नसतं तर ती पुस्तकं झाली असती का, याची मला शंकाच आहे.

डाऊनला आल्यावर त्याच वर्षीच्या डिसेंबरात त्याने घराजवळच्या कुरणात खडूचे तुकडे पसरले. मग वाट बघितली. किती? २९ वर्षं! १८७१ मध्ये चर खणला, तेव्हा पांढऱ्या तुकड्यांची ओळ सात इंच खाली गेलेली होती. मला त्याच्या बुद्धीपेक्षा या धीराचं कौतुक वाटतं.

मधल्या काळात, १८६९ मध्ये, एकाने छापून टीका केली होती, की एवढासा दुबळा किडा एवढं अवाढव्य काम करणं शक्य नाही. याला उत्तर द्यायचं तर मोजमाप हवं. इथे घरातल्या बायका पुढे येतात. सरे परगण्यातलं लिथ हिल प्लेस हे कॅरोलाइनचं घर. तिथे जवळच एका बाईने एकेक चौरस यार्डाच्या दोन जागा आखून घेतल्या आणि वर्षभर तिथे गांडुळांनी वर टाकलेली सगळी माती गोळा केली. ती वाळवून तिचं वजन झालं. कॅरोलाइनची मुलगी ल्यूसी, म्हणजे डार्विनची भाची, हिच्यावर आणखी एक काम आलं. गांडुळांची बिळं उतारावर सरळ खाली जातात की तिरकी? १८७२ च्या जानेवारीत मामाने तिला पत्राने सांगितलं, की विणायची सुई बिळात घालून बघ. ल्यूसीने थंडीत टेकडीवर जाऊन ते बघितलं आणि कळवलं.

अशा वजनांवरून डार्विनने हिशोब मांडला, की इंग्लंडच्या बऱ्याच भागांत गांडुळं दर एकरी वर्षाला दहा टनांहून जास्त माती पोटातून काढून वर टाकतात. वर्षभर माती गोळा करणाऱ्या त्या बाईचा पुस्तकात उल्लेख आहे, तिच्या अचूकपणाबद्दल विश्वासही दाखवलाय, पण नाव नाही. नुसती 'एक बाई'. कोलकात्याच्या वनस्पती उद्यानातून माहिती पाठवणाऱ्या डॉ. किंग यांचं नाव मात्र आहे. त्या काळी बाईचं नाव छापणं बरं दिसत नसेलही, पण मला हे खटकलंच.

घरात मातीच्या कुंड्यांत गांडुळं पाळलेली होती. त्यांना ऐकू येतं का, हे बघायला मुलगा फ्रान्सिस बॅसून नावाचं मोठं वाद्य फुंकायचा, नातू शिट्टी वाजवायचा, पियानो वाजायचा. गांडुळं ढिम्म! पण कुंडी पियानोवर ठेवून सूर वाजवला, की थरथर जाणवून झटकन बिळात. कागदाचे त्रिकोण टाकले तर ती बहुतेक वेळा निमुळत्या टोकाकडून धरून बिळात ओढत. म्हणजे थोडी अक्कल आहे, असं त्याने ठरवलं.

जाता जाता एक सांगते. आपण खताच्या खड्ड्यात सोडतो ती गांडुळं वरच्या पालापाचोळ्यात राहणारी. डार्विनने बघितली ती जमिनीत बिळं करणारी. खताची गांडुळं आणून शेतात सोडली की शेत भुसभुशीत होईल, असं बायकांना कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. शेतातली स्वतःची गांडुळं टिकली पाहिजेत, त्यांना ओल आणि पालापाचोळा लागतो.

१८७७ मध्ये, वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी, तो एमाला घेऊन स्टोनहेंजला गेला. तिथले आडवे पडलेले प्रचंड दगड गांडुळांमुळे किती रुतलेत, ते खणून बघायला! पुस्तक ऑक्टोबर १८८१ मध्ये आलं आणि हातोहात खपलं.

१९ एप्रिल १८८२ ला डार्विन गेला. डाऊनच्या चर्चच्या आवारात आपल्याला पुरतील, असं त्याने धरलं होतं. पण बड्या लोकांनी त्याला लंडनच्या वेस्टमिन्स्टर अ‍ॅबीत नेलं. एमा त्याच्यानंतर चौदा वर्षं जगली. तिला डाऊनच्याच मातीत पुरलं.