फिल्मवर रेखाटलेले सूर

वाद्य म्हटले, की आपल्या डोळ्यांसमोर ताणलेली तार, मढवलेले कातडे किंवा फुंकर घालताच बोलू लागणारी बासरी उभी राहते. विजेच्या साहाय्यानेही सूर निर्माण करता येतात, याचे आज कोणालाच नवल वाटत नाही. परंतु विसाव्या शतकाच्या मध्यास अशा संगीताकडे बहुतेक जाणकार साशंकतेने पाहत असत. त्या काळात ज्या थोड्या व्यक्तींनी या अनोळखी वाटेवर पाऊल टाकले, त्यांत इंग्लंडच्या डॅफ्नी ओरम यांचे नाव आदराने घेतले जाते.

डॅफ्नी ओरम यांचा जन्म ३१ डिसेंबर १९२५ रोजी विल्टशर परगण्यातील डिव्हायझेस या गावी झाला. शालेय वयातच त्यांनी पियानो, ऑर्गन आणि संगीतरचना यांचे शिक्षण घेतले. लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ म्युझिक या नामांकित संस्थेत त्यांना प्रवेश मिळत होता. परंतु तो न घेता त्यांनी बीबीसी या नभोवाणी संस्थेत तंत्रसाहाय्यकाची नोकरी पत्करली. तेव्हा त्यांना अठरावे वर्षही पुरे झाले नव्हते.

ते दिवस दुसऱ्या महायुद्धाचे होते. लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमधून मैफलींचे थेट प्रक्षेपण होत असे. परंतु शत्रूच्या हल्ल्यामुळे ते केव्हा खंडित होईल याचा नेम नसे. म्हणून तीच रचना ध्वनिमुद्रित तबकडीवरून वाद्यवृंदाच्या बरोबरीने चालू ठेवण्याचे काम ओरम यांच्याकडे असे. मैफल थांबलीच, तर तबकडीवरील संगीत त्याच ठिकाणाहून पुढे सुरू राहावे, अशी ही योजना होती. प्रत्यक्ष वादन आणि यंत्रातील ध्वनी यांचा असा सहवास त्यांना रोज घडत होता.

या अनुभवाचा ठसा त्यांच्या 'स्टिल पॉइंट' या रचनेवर दिसतो. १९४९ मध्ये पूर्ण झालेल्या या रचनेत दोन वाद्यवृंद आणि पाच मायक्रोफोन होते. पूर्वमुद्रित तबकड्यांवरील ध्वनी वादनाच्या ओघातच विद्युत साधनांनी पालटावेत, अशी तिची मांडणी होती. पाश्चात्त्य अभिजात संगीताचा भक्कम पाया आणि नव्या तंत्राची ओढ यांचा मेळ त्यांनी येथे घातला. त्या वेळी त्या अवघ्या तेवीस वर्षांच्या होत्या. बीबीसीने ही रचना स्वीकारली नाही. तिचे कागद बासनात पडून राहिले.

ओरम खचल्या मात्र नाहीत. दिवसाचे काम आटोपल्यावर त्या निरनिराळ्या स्टुडिओंतील ध्वनिमुद्रण यंत्रे एकत्र आणत, रात्रभर प्रयोग करत आणि सकाळ होण्यापूर्वी ती जागच्या जागी नेऊन ठेवत. १९५८ मध्ये बीबीसीने 'रेडिओफोनिक वर्कशॉप' हा विभाग सुरू केला. त्याच्या स्थापनेत ओरम यांचा मोठा वाटा होता. परंतु तेथे नाटकांसाठी ध्वनिपरिणाम तयार करण्यावरच भर होता. त्यांना स्वतंत्र संगीत रचायचे होते. म्हणून १९५९ मध्ये त्यांनी सुरक्षित नोकरीचा राजीनामा दिला.

केंट परगण्यातील एका जुन्या इमारतीत त्यांनी आपली प्रयोगशाळा थाटली. तेथे त्यांनी 'ओरॅमिक्स' नावाची अभिनव पद्धती विकसित केली. तिच्या यंत्रात पारदर्शक फिल्मच्या दहा पट्ट्या एकाच वेळी सरकत. ओरम त्यांवर स्वतःच्या हाताने खुणा व आकृती रेखाटत. एका पट्टीवरील खुणा सुराची उंची ठरवत, तर दुसरीवरील रेषा आवाजाचा चढउतार दाखवत. पट्ट्यांमधून जाणारा प्रकाश या आकृत्यांमुळे कमी-अधिक होई. प्रकाशाला प्रतिसाद देणारी उपकरणे त्याचे विद्युत प्रवाहात रूपांतर करत आणि त्यातून ध्वनी उमटे. यंत्राने निर्माण केलेल्या सुरालाही माणसाच्या हाताची लय लाभावी, हा त्यांचा ध्यास होता. १९६२ मध्ये गुलबेंकियन प्रतिष्ठानचे अनुदान मिळाले. तरी चरितार्थासाठी त्यांना चित्रपट आणि जाहिराती यांची कामे करावी लागत.

पुढे बाजारात तयार सिंथेसायझर आले, त्यांपाठोपाठ संगणकही आले. त्यांच्या झगमगाटात ओरम यांचे यंत्र मागे पडले. उतारवयातही त्यांनी आपली पद्धती संगणकावर आणण्याचा प्रयत्न केला. परंतु पक्षाघाताच्या आजाराने त्यांचे काम थांबले. ५ जानेवारी २००३ रोजी त्यांचे निधन झाले. 'स्टिल पॉइंट' ही रचना त्यांना मैफलीत कधीच ऐकायला मिळाली नाही.

पुढील काळाने मात्र त्यांच्या कार्याची दखल घेतली. २०११ मध्ये त्यांचे यंत्र लंडनच्या विज्ञान संग्रहालयात प्रदर्शित झाले. जुन्या कागदपत्रांच्या आधारे 'स्टिल पॉइंट'ची पुन्हा जुळणी करण्यात आली. २०१६ मध्ये ती प्रथम सादर झाली आणि जुलै २०१८ मध्ये, मूळ लेखनाची आणखी पाने हाती आल्यावर, बीबीसीच्याच 'प्रॉम्स' महोत्सवात अधिक पूर्ण रूपात ऐकवली गेली. ते सभागृह होते रॉयल अल्बर्ट हॉल. जेथे एक तरुणी तबकडीची सुई सांभाळत बसत असे, तेथेच तिची रचना जवळजवळ सत्तर वर्षांनी निनादली. नव्या विचाराला त्याचा श्रोता कधी कधी फार उशिरा भेटतो. तो भेटेपर्यंत निष्ठेने काम करत राहणे किती मोलाचे असते, हे डॅफ्नी ओरम यांच्या जीवनातून उमगते.