पोर्ट २२ आणि दाढीवाले जॉन पोस्टेल

मागच्या पावसाळ्यात मी चंद्रपूरला घरी होतो. पर्लकोटेचं पाणी पुलावर चढलं आणि भामरागडचा रस्ता बंद झाला. नेमकं तेव्हाच तिथल्या एका कॉम्प्युटरवर मला इथून लॉगिन करायचं होतं, आणि ते होत नव्हतं. पिंगला उत्तर येत होतं. पोर्ट २२ तपासला, तर लगेच मेसेज आला: कनेक्शन रिफ्यूज्ड. बाजूला बसलेल्या मित्राला वाटलं, संपलं. पाणी उतरलं की कुणाला तरी गाडी घेऊन पाठवावं लागणार. मला मात्र हायसं वाटलं. का, ते सांगायचं तर जॉन पोस्टेल यांच्याकडे जावं लागतं.

पोस्टेल यांचा जन्म १९४३ चा, कॅलिफोर्नियातला. १९६९ मध्ये इंटरनेटच्या पूर्वजाचं, म्हणजे अर्पानेटचं, पहिलं टोक लॉस एंजेलिसच्या यूसीएलए विद्यापीठात बसलं, तेव्हा ते तिथेच शिकत होते. लांब दाढी, पायात सँडल. नेटवर्कचे नियम लिहिलेली कागदपत्रं, ज्यांना आरएफसी म्हणतात, ती तपासून छापायचं काम त्यांच्याकडे आलं आणि जवळपास तीस वर्षं त्यांच्याकडेच राहिलं.

दुसरं काम त्याहून किचकट, नंबर वाटण्याचं. एका कॉम्प्युटरवर मेल, लॉगिन, फाइल असे अनेक प्रोग्राम चालतात. आलेला निरोप कुणासाठी आहे ते कळायला प्रत्येकाला ठरलेला नंबर हवा. गाव एक, घरं अनेक, तसंच. १९७२ मध्ये पोस्टेल यांनी सुचवलं की हे नंबर एकाच माणसाने द्यावेत, आणि तो माणूस तेच झाले. आज एका मशीनवर ६५,५३६ पोर्ट असू शकतात. ओळखीचे नंबर त्या यादीतूनच आले.

सप्टेंबर १९८१ मध्ये त्यांनी संपादित केलेले आयपी आणि टीसीपीचे नियम आले, सोबत त्यांनीच लिहिलेले आयसीएमपीचे. पिंग चालतं ते आयसीएमपीवर. टीसीपीत दार ठोठावलं की तीनपैकी एक गोष्ट होते. प्रोग्राम ऐकत असेल तर होकार येतो. कुणीच ऐकत नसेल तर मशीन स्वतः नकार पाठवतं. आणि फायरवॉलने किंवा वाटेत कुणी निरोप गिळला, तर काहीच येत नाही. आपण वाट बघत बसतो आणि शेवटी टाइमआउट. म्हणजे नकार हेसुद्धा उत्तरच! (काही फायरवॉलही नकार पाठवतात, पण त्या मशीनवर तसलं काही नव्हतं.)

१९९५ मध्ये फिनलंडच्या तातू इलोनेन यांनी एसएसएच बनवलं. एफटीपीचा २१ आणि टेलनेटचा २३, मधला २२ मोकळा होता. त्यांनी मेल करून तो मागितला आणि दुसऱ्या दिवशी पोस्टेल यांच्या सहकारी जॉइस रेनॉल्ड्स यांनी देऊनही टाकला. फॉर्म नाही, फी नाही. आपल्याकडे सातबाऱ्याला पूर्वी किती दिवस लागायचे ते आठवा!

पण एवढी सत्ता एका माणसाकडे असणं सगळ्यांना पटेना. जानेवारी १९९८ मध्ये पोस्टेल यांनी आठ रूट सर्व्हर चालवणाऱ्यांना मेल केला, की माहिती आता सरकारी ठेकेदाराऐवजी माझ्या सर्व्हरवरून घ्या. त्यांनी घेतली. अमेरिकन सरकार खवळलं; ही चाचणी होती असं सांगून पोस्टेल यांनी सगळं पूर्ववत केलं. मला ते नुसती चाचणी वाटत नाही. त्याच वर्षी हे काम सांभाळायला आयकॅन ही संस्था उभी राहिली, आणि १६ ऑक्टोबरला हृदयाच्या शस्त्रक्रियेनंतरच्या गुंतागुंतीने पोस्टेल गेले. वय ५५.

तर, भामरागडचं मशीन जिवंत होतं, नेटही होतं, फक्त २२ वर कुणी ऐकत नव्हतं. तिथल्या मुलाला फोन लावला. रात्री लाइट गेली होती, मशीन परत सुरू झालं, पण एसएसएच आपोआप चालू व्हायचं सेटिंग मीच करायचं विसरलो होतो. त्याला फोनवर एक कमांड अक्षर-अक्षर सांगितली. तिसऱ्यांदा टाइप केल्यावर पोर्ट उघडला. पुलावरून पाणी वाहतच होतं.