रेखागणितकार पंडित जगन्नाथ सम्राट

मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी एखाद्या थोर पुरुषाचे चरित्र लिहावे, अशी संपादक मंडळींची आज्ञा झाली, तेव्हा आम्ही मनाशी एकच कसोटी ठरविली. हा पुरुष महाराष्ट्राचा असावा, परंतु त्याचे जीवितकार्य महाराष्ट्राबाहेर घडलेले असावे. आपल्यापैकी कोणी दोन पिढ्यांपासून म्हैसूरकर आहेत, कोणी आमच्यासारखे केंद्र सरकारच्या चाकरीत बदल्यांच्या निमित्ताने आलेले आहेत. परमुलखात राहून काय करता येते, हे दाखविणारे चरित्र आपणां सर्वांसच जवळचे वाटेल. संतांची आणि वीरांची चरित्रे आपल्या घरोघरी वाचली जातात. म्हणून या वेळी आम्ही एका गणित्याची निवड केली आहे. जयपूरचे संस्थापक महाराज सवाई जयसिंग यांच्या पदरी असलेले पंडित जगन्नाथ सम्राट हे ते गणिती होत. युक्लिडची भूमिती प्रथम त्यांनी संस्कृत भाषेत आणली.

आरंभीच एक घोटाळा दूर करणे इष्ट आहे. ‘गंगालहरी’चे कर्ते पंडितराज जगन्नाथ हे निराळे. ते तेलंगण ब्राह्मण आणि शाहजहानच्या काळातील साहित्यशास्त्री. आमचे चरित्रनायक त्यांच्यानंतरचे, महाराष्ट्रीय ब्राह्मण आणि ज्योतिषी. ‘सम्राट’ हे बिरुद त्यांच्या नावास कायमचे जोडले गेले आहे.

त्यांच्या जयपुरास जाण्याविषयी एक आख्यायिका प्रचलित आहे. शिवाजी महाराजांवर स्वारी करण्यासाठी जयसिंग दक्षिणेत आले असता या हुशार तरुणास त्यांनी बरोबर नेले, असे ती सांगते. कथा गोड आहे, पण सनावळीपुढे टिकत नाही. पुरंदरचा तह १६६५ साली झाला, आणि तो करणारे मिर्झा राजे जयसिंग हे होत. सवाई जयसिंगांचा जन्म १६८८ चा, म्हणजे शिवछत्रपतींच्या निधनानंतर आठ वर्षांनी. एकाच नावाच्या दोन राजांची लोकस्मृतीने गल्लत केली, एवढाच याचा अर्थ. गणित्याच्या चरित्रात तरी बेरीज-वजाबाकी चुकू नये, म्हणून ही कथा आम्ही बाजूस ठेवतो.

सवाई जयसिंग हे मोगल दरबारातील मातब्बर सरदार होते; पण त्यांचा खरा जीव आकाशातील ग्रहगोलांत गुंतलेला होता. पंचांगावरून काढलेली ग्रहांची स्थाने आणि प्रत्यक्ष डोळ्यांना दिसणारी स्थाने यांत अंतर पडते, ही गोष्ट त्यांना बेचैन करी. पितळेची लहान यंत्रे झिजतात आणि हलतात, हे ओळखून त्यांनी चुन्या-दगडाची प्रचंड यंत्रे उभारली. दिल्ली, जयपूर, उज्जैन, काशी आणि मथुरा येथे त्यांनी वेधशाळा बांधविल्या. परंतु यंत्रे उभारली म्हणजे काम संपत नाही. ग्रीक आणि अरब ज्योतिष्यांनी काय साधले होते, हे आपल्या पंडितांस कळणे अवश्य होते. ते ग्रंथ अरबी-फारसीत, आणि पंडित मंडळी संस्कृतज्ञ. मध्ये पूल नव्हता.

तो पूल जगन्नाथांनी बांधला. महाराजांच्या इच्छेवरून त्यांनी अरबी आणि फारसी भाषांचा अभ्यास केला. वेदशास्त्रसंपन्न घराण्यातील पंडिताने त्या काळी परकी लिपी गिरवावयास बसणे, ही सामान्य गोष्ट नव्हती. तेराव्या शतकातील इराणी पंडित नसीरुद्दीन तूसी यांनी सिद्ध केलेल्या युक्लिडच्या अरबी पाठावरून त्यांनी ‘रेखागणित’ हा संस्कृत ग्रंथ रचला. हे काम इ. स. १७१८ च्या सुमारास झाले, असे सामान्यतः मानतात.

या ग्रंथाची थोरवी कळण्यासाठी युक्लिडची रीत थोडक्यात सांगितली पाहिजे. इसवी सनापूर्वी सुमारे ३०० वर्षे युक्लिडने अलेक्झांड्रिया नगरीत भूमितीचा ग्रंथ लिहिला. प्रथम त्याने बिंदू, रेषा, कोन, वर्तुळ यांच्या व्याख्या दिल्या. नंतर काही गोष्टी सिद्ध न करता मान्य करून घेतल्या. कोणत्याही दोन बिंदूंना सरळ रेषेने जोडता येते. ती रेषा पुढे वाढविता येते. कोणताही मध्य आणि कोणतीही त्रिज्या घेऊन वर्तुळ काढता येते. सर्व काटकोन परस्परांशी समान असतात. ही चार गृहीतके झाली. पाचव्याचा विचार पुढे करू. यांच्या जोडीस त्याने काही सामान्य तत्त्वे घेतली. उदाहरणार्थ, एकाच वस्तूशी समान असणाऱ्या वस्तू एकमेकींशीही समान असतात, आणि पूर्ण हे अंशाहून मोठे असते. एवढ्याच शिदोरीवर त्याने शेकडो सिद्धांत एकातून एक काढून दाखविले. पहिलाच सिद्धांत पाहा. दिलेल्या रेषेवर समभुज त्रिकोण काढावयाचा आहे. रेषेच्या दोन्ही टोकांना मध्य मानून तेवढ्याच त्रिज्येची दोन वर्तुळे काढावी; ती जेथे छेदतात तो बिंदू दोन्ही टोकांस जोडावा. पहिले आणि तिसरे गृहीतक मान्य असले, की हा त्रिकोण नाकारण्याची कोणाची प्राज्ञा नाही.

आपल्याकडे भूमिती नव्हती असे मुळीच नाही. यज्ञवेदी रचण्यासाठी शुल्बसूत्रे झाली. बौधायनाने कर्णाच्या वर्गाचा नियम सांगितला. भास्कराचार्यांची ‘लीलावती’ ११५० ची. आपल्या आचार्यांपाशी नियम होते आणि त्यांची उपपत्तीही होती. परंतु मोजकी गृहीतके प्रथम उघडपणे मांडावी आणि मग सारा प्रासाद त्यांच्यावरच रचावा, ही शिस्त त्यांनी अवलंबिली नव्हती. जगन्नाथांनी केवळ नव्या आकृत्या आणल्या नाहीत. वाद कसा सुरू करावा याची एक नवी पद्धत त्यांनी संस्कृत पंडितांपुढे ठेवली.

‘रेखागणिता’चे १५ अध्याय असून त्यांत ४७८ सिद्धांत आहेत. अखेरचे दोन अध्याय मूळ युक्लिडचे नसून नंतरच्या गणित्यांचे आहेत. पण अरबी परंपरेत ते जोडूनच आले होते. सिद्धांतास जगन्नाथांनी ‘शकल’ हा शब्द योजिला. अरबीत ‘शक्ल’ म्हणजे आकृती. संस्कृतात ‘शकल’ म्हणजे तुकडा, खंड. परका शब्द असा घरच्या शब्दात मिसळून गेला, की पाहुणा कोण आणि यजमान कोण हे ओळखू येऊ नये! आकृतींच्या बिंदूंना त्यांनी अ, ब, ज, द अशी अक्षरे दिली. हा अनुक्रम अरबी वर्णमालेचा. शाळेत आपण अ, ब, क, ड लिहीत आलो, तो इंग्रजीचा अनुक्रम. अक्षरांच्या रांगेवरून विद्या कोणत्या वाटेने आली ते असे कळते. व्याख्यांतही त्यांनी आंधळेपणाने भाषांतर केले नाही. युक्लिडचा बिंदू म्हणजे ज्यास भाग नाही तो. जगन्नाथांनी त्यास दिसण्याजोगा असेही विशेषण जोडले. शास्त्राच्या कडक दृष्टीने हे वादग्रस्त ठरेल, परंतु फळ्यावर बिंदू काढून शिकविणाऱ्या गुरूची जाणीव त्यात आहे.

आता पाचवे गृहीतक. एका सरळ रेषेने दोन रेषांना छेदले असता एका बाजूच्या आंतरकोनांची बेरीज दोन काटकोनांहून कमी भरली, तर त्या दोन रेषा वाढविल्यावर त्याच बाजूस एकमेकींस मिळतात. पहिल्या चार गृहीतकांच्या मानाने हे लांबलचक आहे, आणि चटकन पटतही नाही. ते सिद्ध करून दाखविण्यासाठी अनेकांनी शिकस्त केली. स्वतः तूसींनीही केली. अखेर एकोणिसाव्या शतकात, रशियातील लोबाचेव्हस्की आणि हंगेरीतील बोल्याय यांनी १८३० च्या आगेमागे दाखविले, की हे गृहीतक नाकारूनही एक सुसंगत भूमिती उभी राहते. म्हणजे गृहीतक हे ईश्वरी सत्य नसून ज्यावर आपण एकमत करतो असा पाया आहे. पाया बदलला की घर बदलते. जगन्नाथांच्या मागून शंभर वर्षांनी हा शोध लागला.

एका गोष्टीबद्दल मात्र त्यांना प्रश्न विचारावासा वाटतो. ग्रंथारंभीच्या श्लोकांत ते सांगतात, की हे शास्त्र ब्रह्मदेवाने विश्वकर्म्यास सांगितले, परंपरेने पृथ्वीवर आले, मध्यंतरी खंडित झाले आणि महाराजांच्या आज्ञेने आपण ते पुन्हा प्रकाशात आणले. तेथे युक्लिडचे नाव नाही, तूसींचेही नाही. हा अपहार म्हणावा काय? आमच्या मते तसे म्हणणे अन्यायाचे होईल. सनातनी पंडितांनी ग्रंथ हाती तरी धरावा, यासाठी त्यास देवादिकांचे कुळ देणे ही त्या काळची रूढीच होती. तथापि ज्याचे ऋण त्याचे नाव घेणे अधिक शोभले असते, हेही आम्ही लपवीत नाही. त्यांच्या दुसऱ्या मोठ्या ग्रंथात त्यांनी हा संकोच सोडलेला दिसतो. टॉलेमीच्या ज्योतिषग्रंथावरून त्यांनी ‘सिद्धांतसम्राट’ रचला. तो १७३२ चा मानतात. मूळ ग्रंथ अरबी भाषेतील असून त्याचे नाव ‘मिजास्ती’, हे तेथे ते मोकळेपणाने सांगतात.

या साऱ्या उद्योगाचे फळ काय, असे कोणी विचारील. एकच आकडा देतो. सूर्यमार्गाचा विषुववृत्ताशी होणारा कोन आपले जुने सिद्धांतग्रंथ २४ अंश धरीत. जयसिंगांच्या वेधांतून तो २३ अंश २८ कला ठरला, आणि त्या काळचे खरे मान तेवढेच होते. जयपूरचे सुमारे ९० फूट उंचीचे सम्राटयंत्र आजही उभे आहे. त्याची तिरपी भिंत जयपूरच्या अक्षांशाइतक्या कोनात आहे. भूमिती दगडात उतरली म्हणजे कशी दिसते, हे ज्यांस पाहावयाचे असेल त्यांनी तेथे अवश्य जावे.

जयपूर नगराची स्थापना १७२७ ची. नगराच्या उत्तरेस जयसिंगांनी विद्वान ब्राह्मणांसाठी ब्रह्मपुरी वसविली. आपल्या म्हैसूरच्या अग्रहाराचे नावही असेच बोलके आहे. अग्रहार म्हणजे राजाने ब्राह्मणांस वसतीसाठी दिलेली भूमी. उत्तरेची ब्रह्मपुरी आणि दक्षिणेचा अग्रहार ही एकाच आश्रयाची दोन नावे होत. जयसिंगांचे एक गुरू रत्नाकर पुंडरीक हेही महाराष्ट्रीयच. त्यांची हवेली ब्रह्मपुरीत आहे. गुजरातचे केवलराम आणि बंगालचे विद्याधर हेही त्याच दरबारी होते. राजाने प्रांत विचारला नाही, आणि विद्वानांनीही तो मिरविला नाही.

१७४३ साली जयसिंग निवर्तले आणि वेधांचे कार्य मंदावले. ‘रेखागणित’ पोथ्यांतच राहिले. पुढे १९०१ आणि १९०२ साली कमलाशंकर त्रिवेदी यांच्या संपादनाखाली ते मुंबई संस्कृत ग्रंथमालेत दोन खंडांत छापून निघाले. महाराष्ट्रीयाने राजस्थानात रचलेला ग्रंथ पावणेदोनशे वर्षांनी मुंबईच्या छापखान्यातून बाहेर पडला, हा योग आम्हांस मोठा समाधानाचा वाटतो.

परमुलखात आपली भाषा टिकेल काय, मुलांच्या तोंडी कन्नड आणि इंग्रजीच राहील काय, ही चिंता आपल्या मंडळात वारंवार बोलून दाखविली जाते. जगन्नाथांनी परकी भाषा शिकली म्हणून त्यांचे संस्कृत दुबळे झाले नाही. उलट पूर्वी त्यात नव्हता असा एक ग्रंथ त्यास मिळाला. आपल्या मुलांनी कन्नड उत्तम शिकावे, आणि त्यातले जे उत्तम ते मराठीत आणावे. घरात मराठी बोलली जाते, हे मात्र आपले गृहीतक असले पाहिजे. ते कोणी सिद्ध करून देणार नाही. ते आपणच मान्य करून चालावयाचे आहे.