यकृताची वनौषधी आणि हकीम अजमल खान यांची कसोटी

रमजानच्या संध्याकाळी इफ्तारच्या दस्तरखानावर खजुराशेजारी लाल सरबताचा जग हमखास दिसतो. रूह अफजा नावाचे हे सरबत विसाव्या शतकाच्या आरंभी दिल्लीतल्या एका युनानी दवाखान्यात तयार झाले. त्याच्या घटकांत गुलाब आणि केवड्याबरोबर कासनीही आहे. कॉफीत मिसळतात ती चिकोरी म्हणजे हीच वनस्पती. आपण सरबत पितो ते तहान भागवण्यासाठी. युनानी हकीम मात्र कासनीला शतकानुशतके जिगरचे, म्हणजे यकृताचे औषध मानत आले आहेत.

आपला धाराशिव जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. संस्थानात युनानी वैद्यकाला सरकारी आश्रय होता. त्यामुळे हकीम, अर्क, माजून, शरबत हे शब्द इथल्या जुन्या पिढीला परके नव्हते, मग घर मुसलमानाचे असो की हिंदूचे. या वैद्यकाला आधुनिक काळात सन्मानाने उभे करणारा माणूस म्हणजे दिल्लीचे हकीम अजमल खान. स्वातंत्र्यलढ्यातले नेते म्हणून ते अनेकांना ठाऊक आहेत. पण झाडपाल्याच्या औषधांबाबत त्यांनी घेतलेली भूमिका आज जास्त उपयोगाची आहे.

अजमल खान यांचा जन्म १८६८ मध्ये दिल्लीत झाला. घराणे पिढ्यान्‌पिढ्या हकीमांचे. बल्लीमारान भागातली त्यांची हवेली शरीफ मंझिल या नावाने ओळखली जाई. लहानपणी त्यांनी कुराण पाठ केले आणि घरातल्या वडीलधाऱ्यांच्या हाताखाली वैद्यक शिकले. १८९२ ते १९०२ या काळात ते रामपूरच्या नवाबांचे हकीम होते. तिथल्या समृद्ध ग्रंथसंग्रहात त्यांनी अरबी आणि फारसी वैद्यकग्रंथांचा अभ्यास केला. पुढे थोरल्या भावांच्या निधनानंतर घराण्याचा दवाखाना आणि तिबिया मदरसा यांची जबाबदारी त्यांच्यावर आली.

युनानी शास्त्रात हृदय, मेंदू आणि यकृत हे शरीराचे राजे समजले जातात. अन्नापासून रक्त, कफ आणि दोन प्रकारची पित्ते तयार होतात ती यकृतात, असे जुने हकीम मानत. म्हणून यकृत बिघडले की सारे शरीर बिघडते, हा त्यांचा हिशेब. काविळीत आणि यकृताच्या सुजेत त्यांच्या दोन आवडत्या वनस्पती होत्या, कासनी आणि मको. मको म्हणजे आपल्या शेताच्या बांधावर उगवणारी कामोणी. दोन्हींच्या हिरव्या पानांचा रस काढून तो गरम करायचा. हिरवा गाळ वेगळा झाला की वरचे निवळ पाणी गाळून घ्यायचे आणि रुग्णाला द्यायचे. कासनीचे बी आणि मूळ घालून केलेले शरबत दीनार हेही यकृतासाठीच दिले जाई. वनस्पतीतला काम करणारा भाग वेगळा काढायचा, बाकीचा चोथा टाकायचा, ही अर्काची कल्पना हकीमांना नवी नव्हती.

हकीमसाहेबांची कीर्ती नाडीपरीक्षेसाठी होती. दिल्लीत ते रुग्णांना फुकट तपासत. संस्थानिकांनी बाहेरगावी बोलावले तर दिवसाला हजार रुपये घेत, असे त्यांच्या चरित्रांत सांगितले जाते. १९११ मध्ये ते युरोपला गेले. लंडनच्या चेरिंग क्रॉस रुग्णालयातला एक प्रसंग तेव्हापासून सांगितला जातो. तिथले शल्यचिकित्सक स्टॅन्ली बॉइड एका रुग्णाला पित्ताशयाचा आजार आहे असे मानत होते. हकीमसाहेबांचे मत पडले की दोष आतड्याच्या सुरुवातीच्या भागातल्या व्रणाचा आहे. पोट उघडल्यावर हकीमसाहेबांचे निदान बरोबर निघाले. त्यांच्या जागी दुसरा कोणी असता, तर आपल्या विद्येला आता शिकण्यासारखे काही उरले नाही, असे म्हणून परतला असता. हकीमसाहेब उलट विचार घेऊन परतले. युरोपातली रुग्णालये, शवविच्छेदन आणि प्रयोगशाळा पाहून त्यांना आपल्या वैद्यकातली उणीव जास्त स्पष्ट दिसली.

त्या काळात देशी वैद्यकावर संकट होते. मुंबई सरकारने १९१२ मध्ये डॉक्टरांच्या नोंदणीचा कायदा केला. त्यात वैद्य आणि हकीम यांना जागा नव्हती. हकीमसाहेबांनी १९१० मध्येच वैद्य आणि हकीम यांना एका अखिल भारतीय परिषदेत एकत्र आणले होते. आयुर्वेद हिंदूंचा आणि युनानी मुसलमानांचा, ही वाटणी त्यांना मान्य नव्हती. दोन्हींच्या औषधांत हिरडा, आवळा, कासनी, कामोणी यांसारख्या वनस्पती सामाईक आहेत. दिल्लीच्या करोल बागेत उभ्या राहिलेल्या त्यांच्या कॉलेजचे नावच आयुर्वेदिक आणि युनानी तिबिया कॉलेज असे आहे. त्याची पायाभरणी १९१६ मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड हार्डिंग यांनी केली, आणि १३ फेब्रुवारी १९२१ रोजी उद्घाटन महात्मा गांधींनी केले. या पाच वर्षांत हकीमसाहेब कुठून कुठे पोचले, हे या दोन नावांवरून कळते. सरकारने दिलेली हाजिकुल्मुल्क ही पदवी त्यांनी १९२० मध्ये परत केली. लोकांनी मग त्यांना मसीहुल्मुल्क म्हटले.

काँग्रेस, मुस्लिम लीग आणि खिलाफत परिषद या तिन्ही संघटनांचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले. १९२१ च्या अहमदाबाद काँग्रेसचे अध्यक्ष चित्तरंजन दास तुरुंगात होते, तेव्हा त्यांची जागा हकीमसाहेबांनी सांभाळली. १९२० मध्ये स्थापन झालेल्या जामिया मिल्लियाचे ते पहिले कुलपती. त्या संस्थेसाठी त्यांनी पदरचा पैसा ओतला.

पण त्यांच्या मनातला एक बेत राजकारणाच्या धामधुमीतही सुटला नाही. देशी औषधांपैकी कोणते खरोखर काम करते आणि कोणते करत नाही, हे प्रयोगशाळेत तपासायचे. जे टिकेल ते ठेवायचे, जे टिकणार नाही ते सोडायचे. आपल्याच घराण्याच्या नुस्ख्यांवर पोट चालणाऱ्या माणसाने असे म्हणायला मोठी छाती लागते. या कामासाठी त्यांनी जर्मनीत रसायनशास्त्र शिकणाऱ्या सलीमुज्जमान सिद्दीकी या तरुणाला निवडले. सिद्दीकी यांनी १९२७ मध्ये फ्रँकफर्टला डॉक्टरेट मिळवली. त्याच वर्षाच्या डिसेंबरअखेरीस रामपूरमध्ये हकीमसाहेबांचे निधन झाले. संशोधन संस्था त्यांनी पाहिलीच नाही.

सिद्दीकी दिल्लीला आले आणि तिबिया कॉलेजात काम सुरू झाले. १९३१ मध्ये त्यांनी सर्पगंधेच्या मुळातून, युनानीतल्या असरोलमधून, काही क्षारद्रव्ये शुद्ध स्वरूपात वेगळी केली. एकाला त्यांनी हकीमसाहेबांचे नाव दिले, अजमलीन. हृदयाच्या ठोक्यांचा विशिष्ट दोष ओळखण्यासाठी हे द्रव्य आजही वापरले जाते.

याच मुळाची पुढची गोष्ट मुंबईत घडली. डॉ. रुस्तम जाल वकील यांनी सर्पगंधा उच्च रक्तदाबाच्या रुग्णांना दिली आणि १९४९ मध्ये निष्कर्ष ब्रिटिश नियतकालिकात मांडले. त्यामुळे जगाचे लक्ष तिच्याकडे गेले. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये तिच्यातून रिसर्पिन वेगळे काढले गेले. त्याने रक्तदाब उतरला, आणि काही रुग्णांना तीव्र उदासीनताही आली. अर्कात गुण असेल तर तो दोषही करू शकतो, हा धडा तेव्हा मिळाला. सर्पगंधेच्या गोळ्या बनवणाऱ्या मोहम्मद मनाल यांच्या हिमालया कंपनीने १९५५ मध्ये यकृतासाठी लिव्ह फिफ्टीटू आणले. त्यात कासनी आणि कामोणी दोन्ही आहेत.

यकृताच्या वनस्पतींवर त्यानंतर बरेच प्रयोग झाले. उंदरांच्या यकृताला रसायनाने इजा करायची, एका गटाला अर्क द्यायचा आणि रक्तातली एसजीपीटी, एसजीओटी ही विकरे मोजायची, अशी साधारण पद्धत. कासनी, कुटकी, भुईआवळा यांनी अशा प्रयोगांत चांगले गुण मिळवले. पण उंदराचे यकृत सावरले म्हणून माणसाचे सावरेलच असे नाही. मद्रासच्या संशोधकांनी १९८८ मध्ये भुईआवळ्याचा अहवाल दिला. हिपॅटायटिस बीचे विषाणू बाळगणाऱ्या ३७ जणांपैकी २२ जणांच्या रक्तातून त्याची खूण गेली, असे त्यात होते. जगभर आशा निर्माण झाली. इतर ठिकाणच्या चाचण्यांत मात्र तसा गुण दिसला नाही.

उलट बाजूही आहे. करोनाच्या काळात प्रतिकारशक्तीसाठी घरोघरी गुळवेलीचा काढा सुरू झाला. मुंबईतल्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये तो घेतलेल्या सहा रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याची नोंद प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने हा निष्कर्ष मान्य केला नाही. गुळवेलीसारखी दिसणारी दुसरी वेल वापरली गेली असावी, असा मुद्दा पुढे आला. पण ओळख चुकली असली, तरी यकृताने सोसायचे ते सोसलेच. वनस्पती कोणती, मात्रा किती, रुग्णाला आधीपासून कोणता आजार, हे प्रश्न औषध घरचे असले तरी सुटत नाहीत.

काविळीबाबत आपल्याकडे अजून हीच ढिलाई आहे. डोळे पिवळे झाले की रक्त तपासण्याआधी कोणीतरी पाला सुचवतो. ए प्रकारची कावीळ बहुतेक वेळा आपोआप बरी होते, आणि श्रेय पाल्याला मिळते. बी आणि सी प्रकारची कावीळ मात्र आत राहून वर्षानुवर्षे यकृत पोखरू शकते. डोळे, लघवी पिवळी झाली, तर आधी रक्ताची तपासणी, मग औषध, हा क्रम पाळायला हवा. घेत असलेला काढा किंवा चूर्ण डॉक्टरांपासून लपवू नये. यकृताचा आजार असणाऱ्यांनी रोजा ठेवण्याआधी डॉक्टरांना विचारावे, कारण आजाऱ्याला रोज्याची सवलत आहेच.

वडिलोपार्जित औषधावर हकीम अजमल खान यांचे प्रेम होते, म्हणूनच त्यांनी ते तपासायला काढले. त्यांच्या नावाचे द्रव्य आज ज्या कुपीत मिळते, तिच्यावर मात्रा लिहिलेली असते. आपल्या घरातल्या काढ्याच्या पातेल्यावर ती लिहिलेली नसते.