खेळण्यांचा कारागीर

वसईचा किल्ला तुमच्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. १५३४ साली वसई पोर्तुगिजांच्या हाती गेली आणि १७३९ साली चिमाजी अप्पांनी ती जिंकून घेईपर्यंत त्यांच्याच ताब्यात राहिली. याच पोर्तुगिजांची गलबते सोळाव्या शतकात पूर्वेकडे थेट जपानपर्यंत जाऊन पोहोचली. त्यांच्या खलाशांबरोबर एक लहानशी वस्तू जपानात गेली. ती म्हणजे खेळण्याचे पत्ते. जपानी लोकांना हा खेळ आवडला. पत्त्यांच्या पोर्तुगीज नावावरूनच त्यांनी ‘कारुता’ हा आपला शब्द बनविला आणि पुढे स्वतःच्या आवडीचे निराळे पत्तेही तयार केले. त्यांपैकी ‘हानाफुदा’ म्हणजे फुलांचे पत्ते फार लोकप्रिय झाले. या पत्त्यांवर बदाम नसतो की इस्पिक नसते. वर्षाच्या बारा महिन्यांची झाडे व फुले त्यांवर चितारलेली असतात. प्रत्येक महिन्याचे चार, असे एकूण ४८ पत्ते असतात.

हे पत्ते तयार करणारा एक कारखाना १८८९ साली जपानमधील क्योटो या प्राचीन शहरात निघाला. त्याचे नाव निंटेंडो. व्हिडिओ गेम खेळणाऱ्या मुलांना हे नाव चांगलेच ठाऊक असते. परंतु त्याचा आरंभ फुलांच्या पत्त्यांपासून झाला, हे थोड्यांनाच माहीत असते. पत्त्यांच्या या कारखान्याला खेळण्यांकडे आणि पुढे इलेक्ट्रॉनिक खेळांकडे वळविण्यात एका यंत्रदुरुस्ती करणाऱ्या तरुणाचा मोठा वाटा आहे. त्या तरुणाचे नाव गुनपेई योकोई.

गुनपेई योकोई यांचा जन्म १० सप्टेंबर १९४१ रोजी क्योटो येथेच झाला. त्याच शहरातील दोशिशा विद्यापीठात त्यांनी विजेसंबंधीच्या शास्त्राचे शिक्षण घेतले. परीक्षांत मात्र ते चमकले नाहीत. त्यांचे सहाध्यायी नामांकित कंपन्यांत मोठ्या जागांवर लागले. योकोईंना १९६५ साली निंटेंडोच्या कारखान्यात काम मिळाले. पत्ते तयार करणारी यंत्रे तपासावयाची आणि ती नीट चालू ठेवावयाची, एवढेच ते काम होते. आपल्या गोखिवऱ्याच्या औद्योगिक भागात गेलात, तर तेथील गाळ्यागाळ्यांतून यंत्रांची निगा राखणारे असे कितीतरी कामगार तुम्हांला दिसतील. यंत्र सुरळीत चालले, तर त्यांना उसंत मिळते; ते अडले, की मात्र क्षणाची फुरसत उरत नाही.

योकोईंची यंत्रे बहुधा सुरळीत चालत. त्यामुळे त्यांच्या हाती रिकामा वेळ पुष्कळ राही. अशा वेळी स्वस्थ बसणे त्यांच्या स्वभावात नव्हते. कारखान्यातील हत्यारे वापरून ते केवळ स्वतःच्या करमणुकीसाठी काही ना काही बनवीत. एकदा त्यांनी पट्ट्या एकमेकींवर तिरप्या जोडून एक लांबणारा हात तयार केला. दुकानाचे जाळीचे सरकते दार ओढले की लांब होते आणि लोटले की आखडते, तशीच त्याची रचना होती. मुठी जवळ आणल्या की हात पुढे झेपावे आणि टोकाचा चिमटा समोरची वस्तू पकडी.

हा उद्योग चालू असता कारखान्याचे प्रमुख हिरोशी यामाउची यांची दृष्टी त्यावर पडली. त्यांनी योकोईंना आपल्या खोलीत बोलावून घेतले. कामाच्या वेळी खेळ केल्याबद्दल आता बोलणी खावी लागणार, असे योकोईंना वाटले. परंतु घडले ते उलटेच. या हाताचे विकण्याजोगे खेळणे करावे, अशी आज्ञा यामाउचींनी त्यांना दिली. १९६६ साली ‘अल्ट्रा हँड’ या नावाने ते खेळणे बाजारात आले आणि त्याचे १२ लाखांहून अधिक नग खपले. यंत्रे दुरुस्त करणारा कामगार आता खेळणी रचणारा कारागीर झाला.

यानंतर योकोईंनी नवनवीन खेळणी तयार केली. त्यांनी घरातल्या घरात मऊ चेंडू फेकणारे यंत्र बनविले. १९७० साली प्रकाशाची बंदूक आली. सूर्यप्रकाशापासून वीज निर्माण करणारे घट त्या वेळी तयार मिळत होते. योकोई व त्यांच्या सहकाऱ्यांनी वीज मिळविण्यासाठी नव्हे, तर नेम ओळखण्यासाठी त्यांचा उपयोग केला. बंदुकीतून सुटलेला प्रकाशझोत लक्ष्यात बसविलेल्या घटावर पडला, की नेम लागल्याचे कळे. वस्तू जुनीच होती. तिचा उपयोग मात्र कोणाच्या स्वप्नातही आला नव्हता.

योकोईंच्या कामाचे सारे मर्म यातच आहे. आपला कसबी सुतार झाड तोडल्याबरोबर त्याच्या ओल्या लाकडाचे दार करावयास घेत नाही. ओले लाकूड पुढे पिळते, वाकते आणि तडकते. म्हणून तो चांगले वाळलेले लाकूड निवडतो, कारण त्याचे गुणदोष त्याला ठाऊक असतात. तंत्रज्ञानाचेही तसेच आहे, असे योकोईंचे मत होते. अगदी नवे तंत्र महाग असते आणि ते केव्हा दगा देईल याचा नेम नसतो. जे तंत्र पुष्कळ वापरून वाळले आहे, ते स्वस्त आणि भरवशाचे असते. मात्र त्याचा नेहमीचा उपयोग सोडून आजूबाजूला नजर टाकावी आणि ते दुसऱ्याच कामी लावून पाहावे, असे ते मानीत.

या विचाराचे उत्तम फळ १९८० साली दिसले. त्यापूर्वीच्या काही वर्षांत जपानी कंपन्यांमध्ये कॅल्क्युलेटरच्या विक्रीसाठी मोठी चढाओढ लागली होती. त्यामुळे कॅल्क्युलेटरचे छोटे पडदे आणि आतील भाग फार स्वस्त झाले होते. एकदा योकोई जलद आगगाडीने प्रवास करीत होते. शेजारचा एक प्रवासी कंटाळून आपल्या कॅल्क्युलेटरच्या कळा उगाच दाबीत बसला होता. त्याला हिशेब करावयाचा नव्हता, केवळ वेळ घालवावयाचा होता. ते पाहून योकोईंच्या मनात आले, की मोठ्या माणसांनाही प्रवासात मुठीत लपविता येईल असा एखादा लहानसा खेळ हवा आहे.

पुढे एके दिवशी यामाउचींचा चालक आजारी होता, म्हणून त्यांची मोटार चालविण्याचे काम योकोईंवर आले. वाटेत त्यांनी ही कल्पना सांगितली. यामाउचींनी ती मुकाट्याने ऐकली. परंतु त्याच दिवशी सभेत त्यांच्या शेजारी कॅल्क्युलेटर बनविणाऱ्या शार्प कंपनीचे प्रमुख बसले होते. त्यांच्याशी यामाउचींचे बोलणे झाले आणि कामाला आरंभ झाला.

अशा रीतीने ‘गेम अँड वॉच’ हा खिशात मावणारा खेळ निर्माण झाला. तो घड्याळाचेही काम करी. पहिल्या खेळात एक माणूस चेंडू उडवून झेलीत असे. हा माणूस खरोखर हलत नाही, हे तुम्हांला ठाऊक आहे काय? कॅल्क्युलेटरवर सात रेघांतून कोणताही आकडा उमटतो, तीच युक्ती येथे आहे. हाताच्या आणि चेंडूच्या निरनिराळ्या जागांच्या आकृती पडद्यात आधीच घडवून ठेवलेल्या असतात. जिला वीज मिळते, तेवढीच आकृती काळी दिसते. एकीमागून एक आकृती उमटू लागली, की चेंडू उडाल्याचा भास होतो. पुढे या मालिकेत सुमारे ६० खेळ निघाले आणि सर्व मिळून चार कोटींहून अधिक नग विकले गेले.

१९८२ साली याच मालिकेतील ‘डाँकी काँग’ या खेळासाठी योकोईंनी आणखी एक सुधारणा केली. त्या खेळातील माणसाला चारही दिशांना न्यावे लागे. मोठ्या यंत्रांवर त्यासाठी उभा दांडा असे. पण दांडा असलेला खेळ मिटून खिशात कसा घालावा? योकोईंनी बेरजेच्या चिन्हासारखी चपटी कळ बनविली. अंगठा न उचलता, न पाहता, चारही दिशा तिने साधतात. आजही खेळांच्या कित्येक यंत्रांवर डाव्या अंगठ्याखाली तीच कळ असते.

१९८९ साली योकोई आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘गेम बॉय’ हे यंत्र तयार केले. त्याचा पडदा हिरवट होता आणि त्यावर फक्त चार छटा दिसत. त्याच सुमारास दुसऱ्या कंपन्यांची रंगीत पडद्याची यंत्रे निघाली. सहकारी काळजीत पडले. परंतु ती यंत्रे रंगीत आहेत हे कळताच योकोई उलट निश्चिंत झाले. याचे कारण हिशेबाने समजते. रंगीत यंत्रांना सहा पेन्सिल सेल लागत आणि ते काही तासांतच संपत. गेम बॉय चार सेलांवर त्याच्या दुपटीहून अधिक वेळ चाले. शिवाय तो स्वस्त आणि मजबूत होता. मॉस्कोतील अलेक्सेई पाजितनोव्ह यांनी रचलेला ‘टेट्रिस’ हा ठोकळे जुळविण्याचा खेळ त्यावर आला आणि लहानथोर सारेच तो खेळू लागले. गेम बॉय आणि त्याची पुढची रंगीत आवृत्ती मिळून ११ कोटींहून अधिक यंत्रे खपली.

प्रत्येक वेळी यश मिळतेच असे नाही. १९९५ साली योकोईंनी ‘व्हर्च्युअल बॉय’ हे यंत्र काढले. त्यात डोळे लावून पाहिले, की चित्राला खोली असल्याचा भास होई. परंतु ते दिसे केवळ लाल रंगात, आणि बराच वेळ खेळल्यास डोके व डोळे दुखू लागत. लोकांनी त्याकडे पाठ फिरविली. आठ लाखांपेक्षाही कमी यंत्रे विकली गेली आणि वर्षाच्या आतच त्याचे उत्पादन थांबले. ज्यांच्या हातून कोट्यवधी खेळणी घराघरांत गेली होती, त्यांच्या वाट्याला पंचावन्नाव्या वर्षाच्या उंबरठ्यावर हे अपयश आले.

योकोई खचले नाहीत. १९९६ च्या ऑगस्टमध्ये, ३१ वर्षांच्या नोकरीनंतर, त्यांनी निंटेंडो सोडली आणि क्योटो येथेच ‘कोतो’ नावाची स्वतःची लहानशी संस्था काढली. तेथे ते एका नव्या हातखेळाच्या कामास लागले. परंतु ते पूर्ण झालेले पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते. ४ ऑक्टोबर १९९७ रोजी महामार्गावर त्यांच्या मोटारीचा किरकोळ अपघात झाला. काय मोडले हे पाहण्यासाठी ते खाली उतरले आणि तेवढ्यात दुसऱ्या मोटारीने त्यांना धडक दिली. वयाच्या ५६ व्या वर्षी त्यांचा अंत झाला.

त्यांच्या मागे त्यांचे सहकारी थांबले नाहीत. बांदाई कंपनीने १९९९ साली तो हातखेळ ‘वंडरस्वॅन’ या नावाने बाजारात आणला. तो अवघ्या एका पेन्सिल सेलवर चाले. त्याच्यासाठी केलेल्या एका कोड्याच्या खेळाला ‘गुनपे’ असे नाव देऊन सहकाऱ्यांनी आपल्या गुरूचे स्मरण ठेवले.

गेम बॉय आता दुकानांत विकला जात नाही. तरीही जगातील अनेक हौशी मंडळी फावल्या वेळात त्या जुन्या यंत्रासाठी नवे खेळ रचतात. चार छटा, लहानसा पडदा आणि थोड्याच कळा, एवढ्याच साधनांत त्यांना आपला खेळ बसवावा लागतो. साधने थोडी असली, की कल्पनेला अधिक काम पडते, हे त्यांना त्यातून उमजते. मुलांनो, तुमच्या घरीही एखादे बंद पडलेले घड्याळ, मोडकी खेळगाडी किंवा जुना कॅल्क्युलेटर पडलेला असेल. वडीलधाऱ्यांची परवानगी घेऊन तो एकदा न्याहाळून पाहा. ज्या कामासाठी तो बनला ते काम संपले असेल. परंतु त्याच्याकडून दुसरे कोणते काम करून घेता येईल, हा प्रश्न योकोईंनी जन्मभर स्वतःला विचारला. तो तुम्हीही विचारून पाहा.