भुताटकीचा म्हणून स्वस्तात मिळालेला मुंबईचा बंगला आणि तिथे राहायला आलेली रशियन बाई

हॉस्टेलला राहिलेल्या प्रत्येकाकडे प्लँचेटचा एक तरी किस्सा असतोच. लाईट बंद, मेणबत्ती, उलटी वाटी, आणि ती कोण ढकलतंय यावरून झालेलं भांडण.

दीडशे वर्षांपूर्वी युरोप-अमेरिकेतली शिकलेली माणसं हे सगळं अगदी गंभीरपणे करायची. १८४८ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या फॉक्स बहिणींनी सांगितलं की, आमच्या घरातला आत्मा टकटक करून उत्तरं देतो. झालं, लाट आली. पुढे अमेरिकेच्या यादवी युद्धात लाखो माणसं मेली, आणि गेलेल्या पोराशी एकदा तरी बोलता यावं म्हणून घरोघरी अंधारात टेबलाभोवती बैठका बसू लागल्या.

याच लाटेत पुढे आलेलं नाव म्हणजे मादाम हेलेना ब्लाव्हाट्स्की.

जन्म १८३१ चा, रशियन साम्राज्यातला. सतराव्या वर्षी वयाने बऱ्याच मोठ्या अधिकाऱ्याशी लग्न झालं आणि काही महिन्यांतच बाईंनी सासर सोडलं. नंतरची वीसेक वर्षं कुठे गेली, यावर त्यांचे भक्त आणि टीकाकार आजही भांडतात. १८७४ मध्ये अमेरिकेतल्या एका शेतघरात आत्मे दिसतात म्हणून गर्दी व्हायची. तिथे त्यांची भेट कर्नल ऑलकॉट यांच्याशी झाली. पुढच्याच वर्षी दोघांनी न्यूयॉर्कमध्ये थिऑसॉफिकल सोसायटी काढली.

पण बाईंचं म्हणणं आता वेगळं होतं. बैठकीत येतात ते मेलेल्यांचे आत्मे नव्हेतच, खरं ज्ञान हिमालयापलीकडच्या जिवंत महात्म्यांकडे आहे, असं त्या सांगायला लागल्या. मग भारतात येणं आलंच.

१६ फेब्रुवारी १८७९. दोघं मुंबईत उतरले. आर्य समाजाच्या हरिश्चंद्र चिंतामण यांनी जंगी स्वागत केलं, गिरगावात घर दिलं आणि नंतर बिल हातात ठेवलं. त्यात घरभाडं होतं, जेवण होतं, स्वागत समारंभाच्या खुर्च्यांचं भाडंसुद्धा होतं. शिवाय बाई रशियन, म्हणजे हेर असणार, म्हणून इंग्रज सरकारचे पोलीस मागावर.

तरी ऑक्टोबरमध्ये त्यांनी 'द थिऑसॉफिस्ट' मासिक सुरू केलं. तुमचे ग्रंथ आमच्यापेक्षा थोर आहेत, असं गोऱ्या माणसांनी येऊन सांगणं ही तेव्हा साधी गोष्ट नव्हती. इंग्रजी शिकलेले तरुण ओढले गेले ते मुख्यतः यामुळे.

१८८० च्या अखेरीस मुक्काम ब्रीच कँडीच्या टेकाडावरच्या 'क्रोज नेस्ट' बंगल्यात हलला. तिथे साप आणि भुतं आहेत अशी बोलवा होती, त्यामुळे भाडं कमी! भूतबंगल्यात राहायला याहून योग्य भाडेकरू मिळणं अवघडच होतं. १८८१ मध्ये अलाहाबादच्या 'पायोनियर'चे संपादक सिनेट इथे पाहुणे होते, तेव्हा त्यांच्यासमोर टेबलावर महात्म्यांचं पत्र येऊन पडलं.

घरातली व्यवस्था एमा कूलोम्ब बघायची, तर तिचा नवरा अलेक्सिस सुतारकामात तरबेज. एमा बाईंची कैरोपासूनची ओळखीची. हे नवरा-बायको लक्षात ठेवा.

आणि याच गोतावळ्यात होता दामोदर मावळणकर. अहमदाबादच्या श्रीमंत कऱ्हाडे ब्राह्मण घरातला मुलगा. एकविसाव्या वर्षी सोसायटीत आला, जात सोडली, घरच्या संपत्तीवरचा हक्क सोडला, घरच्यांशी तुटलं. रात्रंदिवस कचेरीचं काम करायचा, आणि महात्म्यांवर त्याचा पूर्ण विश्वास होता.

डिसेंबर १८८२ मध्ये सगळे मद्रासजवळ अड्यारला गेले. तिथे एका कपाटात पत्रं प्रकटायची. १८८४ मध्ये बाई युरोपात असताना कूलोम्ब जोडप्याला हाकलून दिलं गेलं. एमाने बाईंची म्हणून पत्रं मिशनऱ्यांना दिली आणि ती छापून आली. पत्रं छतातल्या फटीतून दोऱ्याने पाडली जायची, कपाटामागे सरकती फळी होती, असं ती सांगू लागली. ती सूडाने पेटली होती हे खरं, पण सुतार घरचाच होता हेही खरं.

लंडनच्या सोसायटी फॉर सायकिकल रिसर्चने रिचर्ड हॉजसन यांना चौकशीला पाठवलं. त्यांचा अहवाल १८८५ मध्ये आला. त्यात बाई लबाड ठरल्या, आणि दामोदर त्यांचा साथीदार. याच संस्थेच्या नियतकालिकात १९८६ साली हॉजसन यांच्या चौकशीवर सडकून टीका छापून आली. त्यात चौकशी एकतर्फी होती असं म्हटलं होतं, चमत्कार खरे होते असं नव्हे.

बाई मार्च १८८५ मध्ये आजारी अवस्थेत भारतातून गेल्या त्या परत आल्याच नाहीत. लंडनला त्यांनी 'द सीक्रेट डॉक्ट्रिन' पूर्ण केलं, तिथेच तरुण गांधींची त्यांच्याशी भेट झाली. ८ मे १८९१ ला त्या वारल्या.

दामोदर मात्र त्यांच्याही आधी निघाला होता. फेब्रुवारी १८८५ मध्ये, हॉजसन यांची चौकशी चालू असतानाच, तो कलकत्त्यामार्गे दार्जिलिंगला आणि पुढे सिक्कीममध्ये गेला. तिबेटमध्ये जाऊन महात्म्यांना भेटायचं होतं. त्याच्या डायरीतली शेवटची नोंद २३ एप्रिलची आहे. त्याने हमालांबरोबर सामान परत पाठवलं आणि एकटा पुढे गेला. तेव्हा तो सत्तावीस वर्षांचा होता.